डग्लस यांच्या चरित्रातील मधली पाने: पाठ्यपुस्तकांच्या अभ्यासमंडळांस खुले पत्र

प्रति,
शालेय भाषा व इतिहास या विषयांच्या अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला की फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र मुलांना सांगते. शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी हे चरित्र भाषणांतून आणि लेखांतून अनेकदा सांगितले जाते, आणि ते साधारणपणे पाच-सहा वाक्यांत आटोपते. मालकिणीने गुलाम मुलाला मुळाक्षरे शिकवली, मालकाने ते बंद केले, मुलगा चोरून वाचायला शिकला, मोठेपणी पळून गेला आणि थोर वक्ता व संपादक झाला. यातले एकही वाक्य खोटे नाही. परंतु वाचता येऊ लागल्यावर त्या मुलाच्या मनाचे काय झाले, त्याला आपली गुलामी कशी दिसू लागली आणि स्वातंत्र्य कसे दिसू लागले, हा या चरित्राचा गाभा त्यात कोठेच येत नाही. या चरित्रातील उतारा पाठ्यपुस्तकात घेण्याचा विचार आपण कधी केलात, तर तो गाभा वगळू नये, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

लेखनाचा आणि डग्लस यांचा संबंध ते वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. मेरीलँड राज्याच्या टॅल्बट परगण्यात त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्यांची आई हॅरिएट बेली ज्याच्या मालकीची होती त्या ॲरन अँथनीने आपल्या वहीत नोंद केली: हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८. ही नोंद आज उपलब्ध आहे. स्वतः डग्लस मात्र आपले वय आयुष्यभर अंदाजाने सांगत राहिले आणि १८९५ मध्ये वारले तेव्हाही त्यांना आपले जन्मवर्ष नक्की ठाऊक नव्हते. १८४५ च्या आत्मचरित्राच्या अगदी पहिल्याच परिच्छेदात ते सांगतात की गोऱ्या मुलांना आपापली वये सांगता येत, मला का सांगता येऊ नये हे मला कळत नसे, आणि मालकाला विचारण्याचीही मुभा नव्हती. अँथनीच्या मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीची वाटणी झाली, तेव्हा म्हातारे, तरुण, बायका, मुले यांना घोडे, मेंढ्या आणि डुकरांबरोबर उभे करून त्यांची किंमत ठरवण्यात आली, आणि बाल्टिमोरला धाडलेल्या या मुलालाही त्यासाठी परत आणले गेले. आपल्याविषयी सारे काही लिहून ठेवलेले आहे, पण ते वाचण्याचा हक्क आपल्याला नाही, अशा अवस्थेत तो वाढत होता. त्यामुळे अक्षरओळख त्याच्यासाठी काय होती हे समजून घ्यायचे, तर आधी मालकाच्या या वहीकडे पाहावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्या भाषणांत ती हमखास उलटी होते. स्वातंत्र्याची इच्छा डग्लस यांना पुस्तकांनी दिली नाही. मळ्यावरचे गुलाम महिन्याचा शिधा आणायला मोठ्या घराकडे जाताना रानातून जी गाणी गात, ती ऐकूनच गुलामगिरी माणसाचे माणूसपण कसे हिरावून घेते याची पहिली अंधुक जाणीव आपल्याला झाली, असे ते लिहितात. त्या गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक अक्षर येत नव्हते. पुढे एका पत्रात त्यांनी सांगितले आहे की आपण सहा वर्षांचे असतानाच ‘मी गुलाम का’ हा प्रश्न आपल्याला छळू लागला होता. काही वृद्ध गुलामांच्या बोलण्यातून त्यांच्या आईबापांना आफ्रिकेतून चोरून आणल्याचे कानावर आले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि पळून जाण्याचा निश्चय त्याच वयात झाला. तेव्हा निरक्षर गुलामाला आपली गुलामी कळत नव्हती आणि साक्षर झाल्यावर ती कळली, अशी मांडणी त्या गाणाऱ्या माणसांवर अन्याय करणारी आहे. अक्षरांनी जे दिले ते वेगळे होते आणि सांगायलाही अवघड आहे.

१८२६ मध्ये, सुमारे आठ वर्षांचा असताना, तो बाल्टिमोरला ह्यू ऑल्ड यांच्या घरी त्यांच्या लहान मुलाला सांभाळायला आला. ह्यूची पत्नी सोफिया लग्नापूर्वी विणकामावर पोट भरत असे आणि तिने तोवर कधी गुलाम बाळगला नव्हता. तिने त्याला मुळाक्षरे शिकवली, मग तीन-चार अक्षरांचे शब्द. हे कळताच ह्यूने तिला मुलाच्या देखतच बजावले की हे बेकायदा आहे आणि धोक्याचेही आहे, अशांना बोट दिले तर हात धरतात, आणि हा एकदा वाचायला शिकला की गुलाम म्हणून कायमचा निकामी होईल, मालकाच्या काही उपयोगाचा राहणार नाही आणि स्वतःही असमाधानी, दुःखी होईल. डग्लस लिहितात की आपल्याला आजवर न उलगडलेले कोडे, म्हणजे गोऱ्या माणसाची काळ्या माणसाला गुलाम ठेवण्याची शक्ती नेमकी कशात आहे, हे त्या क्षणी उलगडले. मालकिणीच्या मायेइतकाच मालकाच्या विरोधाचाही आपल्यावर उपकार आहे, असे ते मानतात.

ह्यू ऑल्डचे हे बोलणे एका तापट माणसाची सनक नव्हती. साउथ कॅरोलायनाने १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली होती, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या १८३० च्या कायद्यात तर कारणच नमूद केले होते की वाचायला-लिहायला शिकवल्याने गुलामांच्या मनात असंतोष उत्पन्न होतो आणि त्यातून बंड व उठाव होतात. खुद्द मेरीलँडमध्ये असा कायदा नव्हता, तरी वचक तोच होता. डग्लस यांनी ज्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचनाचे धडे घेतले, त्यांची नावे १८४५ मध्येही त्यांनी छापली नाहीत. गुलामाला वाचायला शिकवणे हा या ख्रिस्ती देशात जवळजवळ अक्षम्य गुन्हा असल्याने ती मुले अडचणीत येतील, असे कारण त्यांनी दिले. ऑल्डच्या घरात भाकरी मुबलक होती आणि गल्लीतली गोरी पोरे उपाशी होती. मी एकवीस वर्षांचा झालो की तुमच्यासारखा सुटणार नाही, मी जन्मभराचा गुलाम आहे, असे तो त्यांना म्हणे तेव्हा त्या पोरांना वाईट वाटे आणि ती त्याची समजूत काढत. या देवघेवीत कोण कोणाला काय देत होते, हे वर्गातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

बाराएक वर्षांचा असताना त्याने बुटांना पॉलिश करून साठवलेल्या पैशांतून पन्नास सेंटांना एक पुस्तक घेतले. ‘द कोलंबियन ऑरेटर’ हे भाषणांचे आणि संवादांचे शालेय संकलन होते, गोऱ्या मुलांच्या वक्तृत्वाच्या तयारीसाठी केलेले. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद आहे. पुन्हा पळून पकडलेला गुलाम मालकासमोर उभा आहे. मालक गुलामगिरीच्या समर्थनार्थ जे जे म्हणतो त्याचे गुलाम खंडन करतो आणि अखेर मालक त्याला आपखुशीने मुक्त करतो. प्रत्यक्षात असा मालक त्या मुलाला कधी भेटला नाही आणि पुढेही कोणी वादात हरून त्याला सोडले नाही. तरीही या संवादाने त्याला फार मोठी गोष्ट दिली. मनात चमकून विरून जाणारे आपले स्वतःचेच विचार आता त्याला शब्दांत मांडता येऊ लागले, आणि गुलामगिरीच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादांना उत्तर देता येऊ लागले. सहाव्या वर्षी पडलेल्या प्रश्नाला आता प्रतिवादाचे बळ मिळाले. मालक हे आफ्रिकेत जाऊन माणसे चोरून आणणाऱ्या यशस्वी दरोडेखोरांची टोळी आहेत, असे ते पुढे ज्या धीटपणे लिहू शकले त्याचे मूळ या वाचनात आहे.

आता ती पाने, जी मी आपल्याला वगळू नका म्हणते. याच वाचनाने ह्यू ऑल्डचे भाकीत शब्दशः खरे ठरले. मुलगा असमाधानी झाला, दुःखी झाला. वाचायला शिकणे हे वरदान नसून शाप आहे असे आपल्याला कधी कधी वाटे, असे डग्लस स्पष्ट लिहितात. आपण कोणत्या भीषण खड्ड्यात आहोत हे दिसले, पण वर चढायला शिडी दिसेना. इतर गुलामांच्या अजाणतेपणाचा त्याला हेवा वाटू लागला. आपण जनावर असतो तर बरे, विचार करण्यापासून सुटका होईल असे काहीही चालेल, असे त्याच्या मनात येई. स्वातंत्र्य आता त्याला प्रत्येक आवाजात ऐकू येत होते आणि प्रत्येक वस्तूत दिसत होते, आणि ते आपल्याजवळ नाही हेच त्याचे दुखणे होते. सुटकेची आशा नसती तर आपण जीव दिला असता, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

हा भाग मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा एका मुलीने विचारले, “मग मालकाचे बरोबर होते का?” तिच्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही आणि पुढचा तास मुलांनी आपसांत बोलण्यात गेला. एक मुलगा म्हणाला की मालकाने दुःख होईल हे बरोबर ओळखले होते, पण त्या दुःखाला कारण तोच आहे हे तो लपवत होता. मला हे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळाले नसते. धड्याखाली ‘शिक्षणाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा’ एवढाच स्वाध्याय असता, तर हा प्रश्न आणि हे उत्तर यांपैकी काहीच त्या वर्गात उमटले नसते.

त्या अंधारातून बाहेर येण्याची वाटही त्याला वाचनानेच दाखवली, परंतु एकदम नव्हे. गुलामगिरी नष्ट करण्याविषयीचा एक शब्द मोठ्यांच्या बोलण्यात वारंवार येई आणि तो येताच त्यांचा आवाज बदले. शब्दकोशातून काही उमगले नाही. शेवटी एका वर्तमानपत्रात उत्तरेकडील राज्यांतून राजधानीच्या प्रदेशातील गुलामगिरी बंद करण्यासाठी आलेल्या अर्जांची बातमी वाचल्यावर त्याच्या ध्यानात आले की देशात असेही लोक आहेत, ते संघटित आहेत आणि मालक त्यांना भितात. त्या खड्ड्यात पहिल्यांदाच तो एकटा राहिला नव्हता.

लिहायला तो शिकला ते जहाजबांधणीच्या गोदीत. सुतार लाकूड तासून झाले की ते जहाजाच्या कोणत्या भागात बसायचे हे त्यावर अक्षराने लिहीत. डाव्या बाजूसाठी एल, उजव्या बाजूसाठी एस, पुढच्या भागासाठी त्याला एफ जोडायचा, मागच्या भागासाठी ए. ही चार अक्षरे त्याने बघून बघून गिरवली. मग लिहिता येणारा कोणी पोरगा भेटला की ‘मलाही तुझ्याइतके येते’ म्हणून पैज लावायची, आपली चार अक्षरे काढायची आणि त्याच्याकडून पाचवे उकळायचे. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि फरसबंदी ही त्याची वही होती आणि खडूचा तुकडा ही लेखणी. पुढे मालकाचा मुलगा थॉमस शाळेत लिहून टाकून दिलेल्या वह्या घरी आणी. घरात कोणी नसताना त्या वह्यांतल्या कोऱ्या जागांत त्याच्याच अक्षराचा कित्ता गिरवत, थॉमससारखे हुबेहूब वळण येईपर्यंत, हा मुलगा बसे. मालकाच्या मुलाचे हस्ताक्षर गुलामाच्या बोटांत आले होते.

त्याचा उपयोग काय झाला ते १८३६ च्या ईस्टरला दिसले. शेतमजुरीसाठी विल्यम फ्रीलँडकडे दिलेल्या डग्लस यांनी काही सोबत्यांसह पळण्याचा बेत केला आणि प्रत्येकासाठी मालकाच्या नावाने परवाना लिहिला: सुट्टीसाठी बाल्टिमोरला जाण्याची या माणसाला पूर्ण मोकळीक दिली आहे. बेत फुटला आणि सगळे पकडले गेले. फ्रीलँडच्या आईने त्या सोबत्यांपैकी हॅरिस बंधूंपुरती बिस्किटे आणून दिली होती. बांधून नेत असताना हेन्री हॅरिसने विचारले की माझ्या परवान्याचे काय करू. बिस्किटाबरोबर खाऊन टाक आणि काही कबूल करू नकोस, असे उत्तर मिळाले, आणि ‘काही कबूल करू नका’ हा निरोप ओळीने सगळ्यांपर्यंत गेला. परवाने सापडले असते तर तो लेखी पुरावा ठरला असता. ज्या लिपीतील वहीने त्याला मिळकत ठरवले होते, त्याच लिपीत त्याने मालकाची सही केली होती.

त्याच फ्रीलँडकडे असताना एका स्वतंत्र कृष्णवर्णीयाच्या घरी डग्लस रविवारची शाळा चालवत. एका वेळी तेथे चाळीसहून अधिक विद्यार्थी होते, बहुतेक प्रौढ. पकडले गेले तर प्रत्येकाच्या पाठीवर एकोणचाळीस फटके बसण्याची शक्यता होती. ते सारे आपापल्या मर्जीने येत, आणि डग्लस यांनी आयुष्यातले सर्वांत गोड काम म्हणून याच शाळेचा उल्लेख केला आहे. मागचा शाप हा शब्द आणि हा गोड हा शब्द एकाच माणसाचे आहेत. फरक इतकाच की पहिल्या वेळी तो एकटा वाचत होता.

एकट्या डग्लस यांच्यावरून सारे ठरवू नये म्हणून हॅरिएट जेकब्स यांचेही नाव घेते. नॉर्थ कॅरोलायनातील या स्त्रीला तिच्या पहिल्या मालकिणीने वाचायला शिकवले, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर असे बायबलचे वचन शिकवले, आणि मरताना मृत्युपत्रात तिला आपल्या चिमुरड्या भाचीच्या नावे करून टाकले. आपण तिची शेजारीण आहोत हे तिच्या ध्यानात आले नसावे, असे जेकब्स लिहितात. भाचीच्या बापाला हिला वाचता येते हे कळल्यावर तो तिच्या हातात चिठ्ठ्या सरकवू लागला. ‘मला वाचता येत नाही’ म्हणून ती त्या परत करी, तर तो ‘मग मी वाचून दाखवतो’ म्हणे. तिच्यासाठी अक्षरे ही छळाचीही वाट झाली. परंतु पुढे आजीच्या घराच्या छपराखालच्या कोंदट जागेत ती जवळजवळ सात वर्षे लपून राहिली, तेव्हा न्यूयॉर्कचा पत्ता घातलेली पत्रे तिने तेथून लिहिली, ती उत्तरेतून टपालात पडतील अशी व्यवस्था केली, आणि मालक तिला शेकडो मैल दूर शोधत राहिला. ती स्वतः मात्र त्याच गावात होती.

डग्लस ३ सप्टेंबर १८३८ रोजी एका खलाशाची कागदपत्रे घेऊन निसटले. या घटनेला दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी त्यांनी थॉमस ऑल्डला, म्हणजे ह्यूच्या भावाला आणि आपल्या कायदेशीर मालकाला, खुले पत्र लिहिले आणि ते स्वतःच्या ‘नॉर्थ स्टार’ या वर्तमानपत्रात छापले. मी मीच आहे आणि तुम्ही तुम्हीच आहात, आपण दोन वेगळ्या आणि समान व्यक्ती आहोत, असे त्यात ते म्हणतात. मग ते घरची खबर देतात: मोठी तीन मुले शाळेत जातात, दोघांना लिहिता येते आणि तिसरा दोन उच्चारखंडांचे शब्द बऱ्यापैकी शुद्ध लिहितो. त्यानंतर ते विचारतात की मी रात्री तुमच्या घरात शिरून तुमची मुलगी अमँडा पळवली, तिचे नाव माझ्या वहीत मिळकत म्हणून चढवले आणि तिला वाचायला-लिहायला शिकण्याचा हक्क नाकारला, तर तुम्हाला कसे वाटेल. वहीतली नोंद आणि अक्षरबंदी हे दोन अपराध त्यांनी एकाच वाक्यात शेजारी ठेवले, यात मला त्यांच्या साऱ्या वाचनाचा निष्कर्ष दिसतो.

त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता आणि तो ओढूनताणून जोडू नये. खरा दुवा नंतरचा आहे. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल, अर्पण केली. आणि त्याआधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेल्या निबंधात सांगितले होते की महार-मांगांपैकी कोणी वाचायला शिकल्याचे बाजीरावाच्या कानी गेले, तर दफ्तराचे काम आता यांना द्यायचे काय, असा संताप होत असे. हा निबंध आणि ह्यू ऑल्डची ताकीद मुलांनी शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. त्यासाठी वेगळ्या टिपणाचीही गरज पडणार नाही.

डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्र स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे, त्यामुळे त्यातील उतारा भाषांतरून घ्यायला कोणाच्या परवानगीची अडचण नाही. सहाव्या प्रकरणातील ह्यू ऑल्डचा प्रसंग घेताना सातव्या प्रकरणातील शाप, हेवा आणि शिडी नसलेला खड्डा हा भागही संपूर्ण घ्यावा. तो वयाला जड जाईल अशी शंका कोणी काढल्यास, हे सोसणारा मुलगा आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांहून लहान होता हे लक्षात घ्यावे. जीव देण्याचा उल्लेख कसा हाताळावा याबाबत शिक्षकांसाठी दोन ओळी अवश्य द्याव्यात. पृष्ठे कमी पडली तर लेखकपरिचयातील पदांची यादी आखडती घ्यावी. आणि स्वाध्यायात ‘वाचता येणाऱ्या मुलाला वाचता न येणाऱ्यांचा हेवा का वाटला?’ हा प्रश्न घालून त्याचे नमुना उत्तर मात्र छापू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका